लेसमधले एफ आणि एक्स

लेसमध्ये (टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, फाइल पडद्यापडद्याने वाचायचा प्रोग्राम) चार ओळींची फाइल उघडली की त्या चार ओळी, खाली टिल्डची (~) रांग, आणि बाहेर पडायला पुन्हा क्यू दाबा. यावर उपाय विचारला की बहुतेक जण 'एफ-एक्स लाव' म्हणतात, जणू तो एकच पर्याय आहे. ते दोन आहेत, आणि त्यांची कामंही निराळी आहेत. (दोन्ही कॅपिटल: -F आणि -X. छोट्या एक्सने टॅबची रुंदी ठरते, छोट्या एफने डिरेक्टरीसारख्या गोष्टीही जबरदस्तीने उघडतात.)

एफ फक्त इतकंच बघतो: मजकूर एका पडद्यात मावतो का? मावत असेल तर दाखवून लेस आपणहून बंद होतं.

एक्सचा फाइलच्या लांबीशी संबंधच नाही. टर्मिनलकडे सहसा दोन पडदे असतात. एकावर आपण कमांड टाइप करतो, दुसरा लेस, व्हिम (मजकूर संपादक) यांच्यासारख्या पूर्ण पडदा घेणाऱ्या प्रोग्रामांसाठी. लेस सुरू होताना दुसऱ्यावर जातं आणि बंद होताना पहिल्यावर परततं, म्हणून वाचलेलं दिसेनासं होतं. एक्स ही अदलाबदलच थांबवतो.

जुन्या लेसमध्ये नुसता एफ लावला की मजकूर दुसऱ्या पडद्यावर छापला जाई, लेस लगेच बंद होई आणि मजकूरही त्याच्यासोबत जाई. फाइल रिकामी आहे असंच वाटे! म्हणून एक्सची जोड लागायची. 2017 च्या अखेरीस आलेल्या 530 आवृत्तीपासून, मजकूर मावत असेल तर एफ दुसऱ्या पडद्यावर जातच नाही.

तुमची आवृत्ती त्यानंतरची असेल तर माझं आग्रहाचं सांगणं आहे की एक्स काढून टाका. त्याची किंमत मोठ्या फाइलींत मोजावी लागते: अनेक टर्मिनलांत माउसचं चाक फिरवलं की फाइल सरकत नाही, टर्मिनलचा जुना मजकूर सरकतो. मॅन पानातलं (कमांडच्या माहितीपानातलं) उदाहरण समोर ठेवून कमांड टाइप करायची सवय असेल, तर मात्र एक्स जरूर ठेवा.

गिटचंही (कोडमधले बदल नोंदवणारं साधन; तेही मजकूर लेसमधून दाखवतं) लक्षात असू द्या. 'लेस' (LESS) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे लेसचे नेहमीचे पर्याय लिहून ठेवायची जागा, तुम्ही ठरवलेलं नसेल, तर गिट स्वतःहून एफ, आर आणि एक्स लावतं. रंगांसाठी त्यात नुसता आर लिहिलात, तर गिट आपले पर्याय घालत नाही आणि दोन ओळींचा डिफही (बदलांचा तपशील) पूर्ण पडदा अडवून बसतो. तिथे आरसोबत एफ लिहा.