बाळ काचेत आहे, आज वजन किती वाढलं?

बाळ वेळेआधी झालं आणि काचेच्या पेटीत ठेवलं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला, वजन किती? आणि मग रोज सकाळी फोन करून तोच, आज किती वाढलं? विचारणं चुकीचं नाही पण अर्धवट आहे, कारण या बाळांच्या बाबतीत वजनाचा काटा बरंच काही सांगत नाही.

गरोदरपणाचे 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेलं बाळ म्हणजे प्रीटर्म. 2020 साली भारतात अशी अंदाजे 30 लाख बाळं जन्मली, कुठल्याही देशापेक्षा जास्त. आता बघा, पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ एक किलोवरून तीन किलोच्या आसपास जातं, हाडांतलं बहुतेक कॅल्शियम, लोह आणि जवळजवळ सगळी चरबी तेव्हाच साठते. 28 आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाला हे मिळालेलंच नसतं. एक किलोच्या बाळाला काहीच दिलं नाही तर अंगातला साठा जेमतेम चार दिवस पुरेल एवढाच असतो.

तरी पूर्वी पहिले काही दिवस नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावायचे, कारण आतडी कच्ची, दूध झेपणार नाही आणि आतड्याला सूज येऊन ते सडायला लागेल ही भीती. भीती खोटी नव्हती, नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, डॉक्टरांच्या भाषेत एनईसी, हा आजार आजही बाळं घेऊन जातो. पण नुसत्या ग्लुकोजवर ठेवलेलं अतिलहान बाळ रोज स्वतःच्या शरीरातलं साधारण एक टक्का प्रोटीन मोडत असतं, आणि हे नेमकं मेंदू सगळ्यात वेगाने वाढतो त्या दिवसांत. म्हणून आता अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनचे घटक, सलाईनमधून पहिल्याच दिवसापासून देतात आणि जोडीला आईच्या चिकाचे थेंब नळीने. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एकत्र गरोदरपणाच्या हिशोबाने 32 ते 34 आठवड्यांच्या आसपास जमायला लागतं, तोवर नळीच. दूध किती वेगाने वाढवायचं यावरही वाद होता, मग ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 2,800 हून जास्त बाळांवर ट्रायल झाली, दिवसाला किलोमागे 18 मिली वाढवा किंवा 30 मिली, दोन वर्षांनंतर जगण्यात किंवा अपंगत्वात फरक दिसला नाही (2019).

पण पहिल्या काही आठवड्यांच्या दुधाने पुढे खरंच एवढा फरक पडतो का? याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर इंग्लंडमधलं. 1980 च्या दशकात बाळांच्या पोषणाचे अभ्यासक ॲलन ल्यूकस आणि सहकाऱ्यांनी 1,850 ग्रॅमच्या आतल्या बाळांना चिठ्ठी टाकल्यासारखं गटांत वाटलं, काहींना साधा फॉर्म्युला (बाळांसाठीचं डब्याचं दूध) तर काहींना प्रीटर्मसाठी बनवलेला जास्त प्रोटीन आणि खनिजांचा. हे चाललं साधारण महिनाभर, बस. सात-आठ वर्षांनी त्याच मुलांची बुद्धिमत्ता तपासली तर फक्त साध्या फॉर्म्युल्यावर वाढलेले मुलगे शाब्दिक आयक्यूत सुमारे 12 गुणांनी मागे. मुलींमध्ये एवढा फरक नव्हता, हे अजून नीट उलगडलेलं नाही. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत फरक एवढा ठळक दिसला नाही, त्यामुळे 12 हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. पण महिनाभराचा आहार आठ वर्षांनी मोजता येतो हे तेव्हा अनेकांच्या पचनी पडलं नव्हतं.

मग फॉर्म्युलाच द्यावा का? नाही, पहिली पसंती आईच्याच दुधाला. ते नसेल आणि दात्या आईचं दूधही नसेल तर फॉर्म्युल्यावर एनईसीचा धोका जवळपास दुप्पट होतो. दात्या आयांच्या दुधासाठी मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मिल्क बँक सुरू केली, आशियातली पहिली. तिथलं दूध 62.5 अंशाला अर्धा तास पाश्चराइज करून देतात.

अडचण हिशोबाची आहे. एक किलोच्या बाळाला दिवसाला 180 मिली दूध गेलं तर कॅलरी साधारण 120 मिळतात, ठीक आहे, पण प्रोटीन जेमतेम दोन-अडीच ग्रॅम, आणि लागतं साडेतीन ते चार. मुदतपूर्व बाळंतिणीच्या दुधात सुरुवातीला प्रोटीन जास्त असतं पण काही आठवड्यांत ते उतरतं. म्हणून त्याच दुधात फॉर्टिफायरची, म्हणजे प्रोटीनची भर घालणारी, पावडर मिसळतात. 'आईच्या दुधात पावडर कशाला' असं आजी विचारतेच, तर हे त्याचं उत्तर.

आता वजनाकडे. पहिल्या आठवड्यात वजन 10 टक्क्यांपर्यंत उतरतं, ते बहुतेक पाणीच असतं, दोनेक आठवड्यांत भरून येतं, तेव्हा लगेच घाबरायचं कारण नाही. खरी गोम पुढे आहे. ही बाळं मूळच्या डिलिव्हरीच्या तारखेला पोचतात तेव्हा पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा बुटकी असतात आणि अंगात चरबीचं प्रमाण जास्त, स्नायू कमी. काटा म्हणतो छान, पण वाढलंय काय तर चरबी! आपल्याला याची जास्तच काळजी हवी, कारण पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने दाखवलंय की आपली पूर्ण दिवसांची बाळंसुद्धा दिसायला बारीक पण चरबीने त्यामानाने जास्त असतात आणि पुढे डायबेटिसचा धोका वाढतो. त्यामुळे फॉलोअपला गेलात की लांबी आणि डोक्याचा घेर विचारा, लांबी ही हाडामांसाची खरी वाढ सांगते आणि घेर मेंदूची.

घरी आल्यावर 'बाळ किती लहान दिसतंय' म्हणून बाळगुटी, मध, पाणी घातलेलं गाईचं दूध सुरू होतं ते मात्र थांबवा, त्याने पोट भरतं आणि प्रोटीन तेवढं कमी जातं, मधात तर बोट्युलिझम या जिवाणूंच्या विषबाधेचा धोकाही आहे. लोह आणि डी व्हिटॅमिनचे थेंब डॉक्टर देतात ते चुकवू नका, जन्मतः साठा नव्हताच. आणि शेजारच्या बाळाशी तुलना करताना वय दुरुस्त करून घ्या, दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याला चार महिन्यांच्या चार्टवर मांडायचं, साधारण दोन वर्षांपर्यंत असंच.