पार्श्वभूमी : ‘निषेध’ नेमका कोणाचा?

वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा शास्त्रात ‘विधी’ म्हणजे करावे असे सांगणारे वाक्य आणि ‘निषेध’ म्हणजे करू नये असे सांगणारे. मराठीत हा जुना अर्थ ‘निषिद्ध’, ‘विधिनिषेध’ अशा शब्दांपुरता उरला. व्यवहारातली जागा अरबी-फारसीतून आलेल्या ‘मनाई’ आणि ‘बंदी’ने घेतली, 1949 चा कायदासुद्धा मराठीत ‘दारूबंदी’चा, हिंदीत मात्र ‘मद्यनिषेध’ चालतो. भुसावळला रेल्वेच्या हिंदी पाटीवर ‘धूम्रपान निषेध’ हा हुकूम असतो आणि स्टेशनाबाहेरच्या मोर्चात ‘जाहीर निषेध’ हा संताप.

संतापाला खान्देशात शब्द कमी पडले नाहीत. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारला विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, पाच मुले गेली. त्या मिरवणुकीची म्हणून आजही सांगितली जाते ती घोषणा गुजराती आहे: ‘नहीं नमशे, नहीं नमशे’, म्हणजे झुकणार नाही. अहिराणी बोलणारा शेतकरी बाजार समितीत कापसाचा भाव पडल्यावर ‘निषेध’ म्हणत नाही, तो सरळ शिवी देतो. ‘निषेध’ येतो तो निवेदनाच्या कागदावर, काळ्या फितींसोबत.

खरा गुंता या कागदावरच आहे. ‘धिक्कार’ बहुतेक वेळा माणसाचा होतो, करणाऱ्याचे नाव घेऊन होतो. ‘निषेध’ मात्र माणसाचाही होतो आणि घटनेचाही, आणि निवेदन लिहिणारे हल्ली दुसरी वाट धरतात. वस्तीवर हल्ला होतो, एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले जाते, सातपुड्याच्या पाड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते. दुसऱ्या दिवशी पत्रक निघते, ‘घडलेल्या प्रकाराचा तीव्र निषेध’. प्रकार आपोआप घडला असावा अशी ही भाषा. मारणारे कोण, पंच कोण, हे वाक्यातून गळून पडते. चौकशी पूर्ण होण्याआधी नावे घेऊ नयेत, हे सांगणाऱ्यांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. पण नाव टाळले तरी ‘मारहाण करणाऱ्यांचा निषेध’ असे लिहायला कोणाची आडकाठी नसते. तेवढेही लिहिले जात नाही, कारण त्याच गावात उद्या मते मागायची असतात.

जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2017 पासून लागू. दोन्ही कायदे कृत्य सांगून थांबत नाहीत, ते करणाऱ्याला आणि चिथावणी देणाऱ्यालाही आरोपी ठरवतात. पत्रके अजून ‘प्रकारा’पाशीच आहेत.