पिकअप बदल (इलेक्ट्रिक गिटार)

पिकअप बदल : इलेक्ट्रिक गिटारला कारखान्यात बसवलेले पिकअप काढून त्यांच्या जागी दुसरे निवडून बसवण्याचे काम. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे. गिटारच्या तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा हा भाग तारांच्या अगदी खाली, ब्रिजजवळ (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तो भाग), मानेजवळ किंवा मधोमध बसतो. गोव्यात हे काम बहुधा पावसाळ्यात निघते. किनाऱ्यावरचे शॅक मेअखेर उतरवले जातात, लग्नांचा हंगाम ओसरतो आणि आठ महिने खांद्यावर लटकलेली गिटार उघडायला वादकाला सवड मिळते. ज्या खारट, दमट हवेने तिचे हाल केलेले असतात ती हवा अर्थात तेव्हाही खोलीत हजर असतेच.

तत्त्व व प्रकार : चुंबकाच्या सान्निध्यात पोलादी तारेचा, चुंबकावरून जाणारा भाग स्वतः चुंबकित होतो. तार थरथरली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होते आणि मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या प्रवर्तनाच्या तत्त्वाने वेटोळ्यात व्होल्टता निर्माण होते. नायलॉनच्या तारांवर हे घडत नाही, त्यामुळे क्लासिकल गिटार घेऊन ‘हिला पिकअप बसवून द्या’ म्हणत येणाऱ्याला पिझो जातीच्या (दाबातून वीज निर्माण करणाऱ्या) वेगळ्या यंत्रणेकडे पाठवावे लागते.

एका वेटोळ्याचा सिंगल कॉइल हा मूळ प्रकार. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (१९५४) या गिटारच्या धर्तीच्या सिंगल कॉइलमध्ये सुमारे ०.०६३ मिमी. जाडीच्या, म्हणजे साधारण केसाएवढ्या तारेचे साडेसात ते आठ हजार वेढे असतात. आवाज मोकळा, टोकदार. पण आजूबाजूच्या विजेची गुणगुणही तो इमानाने उचलतो. त्यावर तोडगा म्हणून गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी दोन वेटोळ्यांचा हमबकर तयार केला. १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज, १९५७ पासून गिटारवर वापर आणि १९५९ मध्ये पेटंट, असा त्याचा क्रम आहे. दोन्ही वेटोळ्यांची दिशा आणि चुंबकाचे ध्रुव परस्परविरुद्ध ठेवल्याने तारांचा संकेत जुळून येतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकींना खोडते. गिब्सनचाच १९४६ चा पी-९० हा जाडजूड सिंगल कॉइल या दोहोंच्या मधला. बदलीचे पिकअप हा स्वतंत्र धंदा मात्र १९७० च्या दशकात डिमार्झिओ, सेमूर डंकन या अमेरिकी नावांनी उभा केला.

चुंबक ॲल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट व लोह) किंवा सिरॅमिक असतो. ‘सिरॅमिक म्हणजे स्वस्तातला आणि कर्कश’ हा समज स्वस्त गिटारांनी पसरवला. डिमार्झिओचा नावाजलेला सुपर डिस्टॉर्शन सिरॅमिकच आहे.

आधी तक्रार : पिकअप निवडताना पहिला प्रश्न ‘कोणता चांगला?’ हा विचारला जातो आणि तिथेच पैसे वाया जाण्याची सुरुवात होते. आवाज बोथट आहे, बारीक आहे, गुणगुणतो, की मधल्या पट्टीत (मध्यम कंप्रतांच्या भागात) गिचमीड होतो? तक्रार एका वाक्यात सांगता आली नाही तर बदल लांबणीवर टाकावा. निम्म्या तक्रारी गंजलेल्या तारा, खरखरणारा व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रोध) किंवा चुकीच्या उंचीवर बसलेला पिकअप यांच्या असतात. नव्या तारा आणि स्क्रूड्रायव्हरचे दोन फेरे यांचा खर्च पिकअपच्या तुलनेत नगण्य असतो.

गोव्यातील वादकाची अडचण अशी की त्याला एकाच रात्रीत सगळे वाजवावे लागते. सासष्टीतल्या लग्नाच्या रिसेप्शनला वॉल्ट्झने सुरुवात होते, मग जुनी हिंदी गाणी, मग कोंकणी ‘मसाला’ (एकापाठोपाठ एक गाण्यांची माळ), आणि मध्येच कोणीतरी रॉकची फर्माईश करतो. अशा कामाला ब्रिजपाशी हमबकर आणि उरलेल्या दोन जागी सिंगल कॉइल ही रचना सोयीची. फोंडा-डिचोलीकडच्या भावगीत-भक्तिगीतांच्या कार्यक्रमात गरज अगदी उलटी. गायक काळी एक धरून बसलेला, गिटारवाल्याने पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावलेला आणि शेजारी हार्मोनियम. हार्मोनियमचा आवाज मधली पट्टी आधीच भरून टाकतो. तिथे जाड आवाजाचा, जास्त वेढ्यांचा हमबकर लावला तर ध्वनिव्यवस्थेवर बसलेला माणूस पहिल्यांदा गिटारच खाली ओढतो. कमी वेढ्यांचा, वरची पट्टी मोकळी ठेवणारा पिकअप तिथे स्वतःची जागा शोधून घेतो.

रोधाचा आकडा : जाहिरातीत पिकअपचा डीसी रोध (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला वेटोळ्याचा होणारा विरोध) ठळक छापतात. स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) धर्तीच्या सिंगल कॉइलचा सुमारे ५.५ ते ६.५ किलोओहम, जुन्या धर्तीच्या हमबकरचा ७ ते ९, आणि ‘हॉट’ म्हणून विकल्या जाणाऱ्यांचा १३ ते १६ च्या घरात. आकडा मोठा म्हणजे आवाज मोठा, असा हिशेब ग्राहक करतो. पण रोध तारेच्या जाडीवरही अवलंबून असतो. बारीक तारेचे तेवढेच वेढे घेतले तरी आकडा फुगतो. चुंबक किती जोरकस आहे हे तर त्यातून कळतच नाही.

त्याहून उपयोगी आकडा प्रवर्तकतेचा (बदलत्या प्रवाहाला वेटोळे किती अडवते त्याचा), म्हणजे हेन्रीचा. पिकअपची प्रवर्तकता आणि केबलची धारकता (वीजभार साठवण्याची क्षमता) मिळून एका ठरावीक कंप्रतेला उठाव येतो व त्यावरच्या कंप्रता गळतात. पिकअपचा ‘स्वभाव’ मुख्यत्वे हा उठाव कुठे पडतो त्यावर ठरतो. उदाहरणार्थ, २.५ हेन्रीचा सिंगल कॉइल आणि पाच मीटर केबल (मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड, शिवाय पिकअपची स्वतःची सुमारे १००) असा हिशेब मांडला तर उठाव ४ किलोहर्ट्‌झच्या आसपास येतो. केबल तीच ठेवून ८ हेन्रीचा हॉट हमबकर लावला की तो २.३ किलोहर्ट्‌झवर उतरतो. हाच तो ‘जाड’ आवाज. आता पहिल्याच सिंगल कॉइलला दहा मीटरची केबल जोडा, उठाव ३ किलोहर्ट्‌झवर येईल. ‘पिकअप बोथट आहे’ ही तक्रार कित्येकदा केबलची असते ती अशी.

मल्टिमीटर लावून खात्री करणाऱ्यांना गोव्यात आणखी एक चकवा बसतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ६ किलोओहम मोजलेला पिकअप मे महिन्यात ३२ अंशांच्या खोलीत जवळजवळ ६.३ दाखवतो, आणि घेणारा ‘दुसराच माल पाठवला’ म्हणून दुकानदाराला फोन लावतो. उलट, पिकअप न काढता गिटारच्या जॅकमधून (केबल खोचायच्या जागेतून) मोजले तर व्हॉल्यूम पॉट समांतर येऊन आकडा थोडा कमी दिसतो.

गुणगुण आणि चरचर : या दोन वेगळ्या व्याधी आहेत. गुणगुण जाड, ५० हर्ट्‌झ आणि तिच्या पटींची. ट्रान्सफॉर्मर, जुने चोक, ॲम्प्लिफायर यांच्या चुंबकीय क्षेत्रातून ती येते. चरचर बारीक आणि टोचरी; डिमरवरचे दिवे, स्वस्त एलईडी पट्ट्या, मोबाइल चार्जर यांच्याकडून येते. ओळखायची रीत सोपी आहे. गिटार गळ्यात अडकवून जागच्या जागी हळूहळू फिरावे. एका कोनात आवाज जवळपास नाहीसा होत असेल तर ती गुणगुण. तारांवर पंजा ठेवताच आवाज खाली बसत असेल तर ती चरचर.

चरचरीवर पिकअप बदलणे हा महागडा आणि अर्धवट उपाय. गिटारच्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की बहुतेक भागते. तांब्याची पट्टी चुंबकीय गुणगुण मात्र अडवू शकत नाही. तिथे हमबकर, किंवा सिंगल कॉइलच्या आकारातच दोन वेटोळी एकावर एक वा शेजारी शेजारी बसवलेले ‘नॉइजलेस’ पिकअप घ्यावे लागतात. तीन सिंगल कॉइलच्या गिटारवर मधला उलट वेढ्यांचा व उलट ध्रुवाचा घेतला तर पिकअप निवडायच्या पाच जागांच्या स्विचच्या दुसऱ्या व चौथ्या जागी फुकटात शांतता मिळते. मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर किंवा शॅकमध्ये, दिव्यांच्या माळा आणि जनरेटर यांच्या सोबतीने रोज वाजवणाऱ्याने शुद्ध सिंगल कॉइलचा हट्ट सोडावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. घरच्या खोलीत वाजवणाऱ्याला तो हट्ट शोभतो.

अर्थिंगचा दोष पिकअपच्या माथी मारू नये. चिऱ्याच्या जमिनीत खणलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की रोध वाढतो. त्यात पाणी ओतल्यावर ॲम्प्लिफायर गप्प झाल्याचा अनुभव अनेकांना असतो. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होण्याऐवजी वाढला, किंवा मायक्रोफोनला ओठ लागताच झिणझिण्या आल्या, तर गिटार बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवावे. ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसलेल्या जागी वाजवू नये.

खारी हवा : समुद्राकाठच्या गिटारचा पिकगार्ड (पुढची संरक्षक पाटी) उघडला की पहिल्यांदा दिसतात ते तांबूस झालेले स्प्रिंग आणि स्क्रू, मग खालच्या फोमचा भुगा, आणि वेटोळ्याच्या कडेला एखादा हिरवट ठिपका. हा ठिपका महत्त्वाचा. जुन्या धर्तीच्या सिंगल कॉइलमध्ये तार थेट चुंबकांच्या कांड्यांभोवती गुंडाळलेली असते. कांडी गंजली की तिच्याशी चिकटलेल्या आतल्या वेढ्यांवरचा इनॅमलचा थर खराब होतो, तांबे झिजते आणि एके दिवशी पिकअप ‘मरतो’. मीटरवर आकडाच येत नाही. पिकअपच्या वरखाली असणाऱ्या फायबरच्या पट्ट्याही ओल धरून वाकतात. त्यामुळे किनारपट्टीवर प्लॅस्टिकच्या बॉबिनवर (रिळावर) गुंडाळलेले आणि मेणात नीट बुडवून काढलेले पिकअप जास्त टिकतात. मेण वेढे घट्ट धरून ठेवते, त्यामुळे मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारत नाही, हा त्याचा मूळ उपयोग. ओल रोखणे हा गोव्यासाठी वरकड फायदा. ईएमजीसारखे रेझिनमध्ये पूर्ण बंद केलेले ॲक्टिव्ह पिकअप या बाबतीत सर्वांत निर्धास्त, पण त्यांना ९ व्होल्टची बॅटरी आणि २५ किलोओहमचे पॉट लागतात, आणि गाणे ऐन रंगात आले असताना बॅटरी संपण्याची भीती कायमची पाठीशी लागते.

मापे : पिकअप मागवण्याआधी फूटपट्टी घ्यावी. गिब्सन धर्तीच्या ब्रिजवर पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचे अंतर सुमारे ५० मिमी., फेंडर धर्तीच्या ब्रिजवर ५२ ते ५३ मिमी.; ब्रिजचा हमबकर त्याप्रमाणे अरुंद किंवा रुंद घ्यायचा. सिंगल कॉइलच्या खाचेत पूर्ण आकाराचा हमबकर जात नाही. लाकूड कोरायची तयारी नसेल तर सिंगल कॉइलच्या आकाराचा घ्यावा. सिंगल कॉइलला २५० आणि हमबकरला ५०० किलोओहमचे पॉट ही रूढ जोडी आहे. हमबकरवर २५० चा पॉट राहिला तर आवाज झाकोळतो, आणि नवा पिकअप आवडला नाही अशी हाकाटी होते. आशियात बनलेल्या स्वस्त गिटारांना बहुधा लहान पॉट असतात, त्यांचे भोक सुमारे ७ मिमी.; मोठ्या अमेरिकी पॉटला साडेनऊ लागते. हे आधी न पाहिल्यास भर पावसात ड्रिल मशीन शोधत फिरावे लागते.

जोडणी : चार तारांच्या हमबकरमध्ये रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. सेमूर डंकनमध्ये काळी तार संकेताची असून लाल-पांढरी एकत्र जोडतात. डिमार्झिओमध्ये लाल संकेताची आणि काळी-पांढरी एकत्र. हिरवी दोन्हीकडे अर्थला जाते. एकाच्या तक्त्याने दुसरा जोडला तर एक वेटोळे उलटे होते. प्रस्तुत लेखकाने चवथीच्या आदल्या रात्री नेमके हेच केले होते : आवाज माशाच्या काट्याएवढा बारीक आणि गुणगुण दुप्पट. सकाळी आरतीला उशीर झाला तो झालाच.

नवा पिकअप जुन्याशी जुळतो का हे सोल्डर करण्याआधी तपासता येते. काट्याचा मल्टिमीटर पिकअपच्या दोन टोकांना लावावा, स्क्रूड्रायव्हरचे पाते पिकअपच्या डोक्यावर टेकवून झटक्यात उचलावे आणि काटा कोणत्या बाजूला उडतो ते पाहावे. दोन्ही पिकअपचा काटा एकाच बाजूला उडाला पाहिजे. उलट उडाल्यास एकाच्या दोन तारांची अदलाबदल करावी. मात्र धातूचे आवरण असलेल्या दोन तारांच्या पिकअपमध्ये आवरणाची जोडणी आधी वेगळी करावी लागते. पॉटच्या पाठीवर अर्थचा टाका घालायला २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न कमी पडते. ४० ते ६० वॅटचे घ्यावे, नाहीतर टाका वरून धरलेला दिसतो आणि आतून सुटा राहतो.

बसवल्यावर शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअप आणि तार यांत दोन-तीन मिमी. अंतर ठेवावे. ॲल्निको पाच या प्रतीच्या चुंबकाचे सिंगल कॉइल जास्त वर चढवले तर चुंबक तारेला ओढतो आणि जाड तारांवर, मानेच्या वरच्या पडद्यांत, सूर डगमगतो.

काढलेले मूळ पिकअप फेकू नयेत. तारांच्या रंगांची चिठ्ठी, मूळ स्क्रू आणि सिलिका जेलची पुडी यांच्यासह ते हवाबंद डब्यात ठेवतात. गिटार विकायची वेळ आली की मूळ पिकअप पुन्हा चढतात आणि बदलीचे पिकअप मालकाबरोबर पुढच्या गिटारवर जातात.