शस्त्र परवाना (कोल्हापूर जिल्हा)

बंदूक, रायफल, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांखाली मिळणारी, ठरावीक मुदतीची परवानगी. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे अर्जदार शाहूपुरीचा असो वा चंदगडचा, निर्णय जिल्हाधिकारीच जिल्हादंडाधिकारी या नात्याने घेतात आणि फाइल नागाळा पार्कातल्या त्यांच्या कार्यालयात येते.

अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण हवे. अर्ज ए-१ नमुन्यात, ऑनलाइन भरतात. सोबत ओळख, वय आणि रहिवासाचे पुरावे, शारीरिक व मानसिक प्रकृतीचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि घरी शस्त्र कुलपात ठेवण्याची हमी लागते. पुढे स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते: जुने गुन्हे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे म्हणणे, भाऊबंदकीचे वाद. गावात पोलीस पाटलालाही विचारले जाते. आधार कार्डावर एक पत्ता आणि राहणे दुसरीकडे असले की चौकशी दोन ठाण्यांत फिरत राहते, म्हणून पत्ता आधीच दुरुस्त करून घ्यावा. नियमांप्रमाणे पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि अहवाल आल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा.

अर्ज बहुधा कारणाच्या रकान्यात अडकतो. ‘जिवाला धोका’ एवढेच लिहून भागत नाही. दिलेल्या तक्रारींच्या प्रती, गुन्ह्याची नोंद, रोकड नेण्याचा व्यवसाय असल्यास त्याची कागदपत्रे जोडावी लागतात. मालमत्ता पुरेशी नाही एवढ्याच कारणावरून मात्र परवाना नाकारता येत नाही. कलम १४ तसे स्पष्ट सांगते. अल्पभूधारकाने हे ध्यानात ठेवावे. नकार मिळाला तर ३० दिवसांत पुण्याला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी या पट्ट्यात मागणी असते ती पीक संरक्षणाच्या परवान्याची. त्यासाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, आणि सातबारा जोडावा लागतो. इथे एक गैरसमज फार महागात पडतो: परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. गवा आणि हत्ती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. उसात किंवा भातात शिरलेल्या गव्यावर गोळी झाडली तर परवानाधारकही आरोपी होतो. रानडुकराला मारायचे तरी वन विभागाची वेगळी परवानगी लागते. नुकसानभरपाईसाठी वन विभागाकडे वेळेत अर्ज करणे हाच खरा मार्ग.

२०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली, आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येतात. वारशाने आलेली जुनी बंदूकही या दोनांत मोजली जाते. परवानाधारक वारल्यावर परवाना आपोआप मुलाच्या नावे होत नाही. शस्त्र जमा करून वारसाने स्वतंत्र अर्ज करायचा, इतर वारसांची संमतिपत्रे जोडायची. वडिलांचे वय ७० झाले असेल किंवा शस्त्र २५ वर्षे त्यांच्याकडे असेल, तर ते हयात असतानाच वारसाला अर्ज करता येतो. घरात तंटा नसताना हे उरकून घेणे केव्हाही बरे.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी द्यावा लागतो. शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय माहितीकोशातला विशिष्ट क्रमांक परवान्यावर आहे का, हेही तेव्हाच पाहावे. जुन्या वहीवजा परवान्यांवर तो राहून गेलेला असतो. शस्त्राचा क्रमांक आणि परवान्यावरची नोंद एका अंकाने जरी जुळली नाही तरी काम थांबते. मुदत उलटली तर शस्त्र घरात ठेवू नये. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान २ आणि कमाल ५ वर्षांची कैद आहे.

परवान्यावर लिहिलेले क्षेत्रही वाचावे. कागलच्या पुढे कोगनोळीला कर्नाटक लागतो. तिथे परवाना लागू नसेल तर गाडीत शस्त्र असणेच गुन्हा ठरतो. निवडणुकीत कोणाची शस्त्रे जमा करायची हे छाननी समिती ठरवते, आणि तसा आदेश आला की शस्त्र जमा करावे लागते. लग्नात, वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.