एटीपी-सदृश संयुगे (प्रथिनांच्या स्फटिकीकरणातील)

प्रथिनाचा स्फटिक एटीपी (ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट) धरलेल्या अवस्थेत मिळावा म्हणून एटीपीऐवजी वापरली जाणारी, सहजी न तुटणारी संयुगे. प्रथिनाचा स्फटिक वाढायला कधीकधी कित्येक आठवडे घेतो. तेवढ्या काळात एंझाइम एटीपीचे जलीय विच्छेदन करते (पाण्याच्या साहाय्याने तो तोडते) आणि स्फटिकात एडीपी (ॲडिनोसीन डायफॉस्फेट, म्हणजे शेवटचा फॉस्फेट गमावलेला एटीपी) उरतो.

एटीपीतील बीटा व गॅमा (म्हणजे मधल्या व शेवटच्या) फॉस्फरसांना जोडणारा ऑक्सिजन बदलणे हा सर्वांत जुना उपाय. त्या जागी मेथिलीन गट असलेले एएमपी-पीसीपी बहुधा १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धातले. इमिडो गट असलेले एएमपी-पीएनपी १९७१ च्या सुमाराचे. एटीपीशी अधिक जुळणारे कोणते, याविषयी एकमत नाही. एटीपीतील या पुलाचा कोन सुमारे १२९ अंश, इमिडो पुलाचा १२७, मेथिलीनचा ११७. भूमितीवरून इमिडो रूपच उजवे ठरते, आणि प्रस्तुत नोंदीचा कलही तिकडेच आहे. आक्षेपही खरा आहे : एटीपीतील ऑक्सिजन हायड्रोजन बंध स्वीकारतो, इमिडो गटातील नायट्रोजनावर मात्र हायड्रोजन असल्याने तो बंध देऊ शकतो. शिवाय आम्लधर्मी विद्रावात हे संयुग तुटते. त्यामुळे पीएच कमी ठेवावा लागत असेल तर एएमपी-पीसीपी बरे. प्रथिन कायनेज ए या एंझाइमाने (कायनेज म्हणजे एटीपीतील फॉस्फेट दुसऱ्या रेणूवर चढवणारे एंझाइम) तर स्फटिकातच एएमपी-पीएनपी हळूहळू फोडल्याचे आढळले आहे.

१९९४ मध्ये जॉन वॉकर यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या एफ१-एटीपेजच्या (एटीपी तयार करणाऱ्या एंझाइमाच्या एका भागाच्या) रचनेत तीन बीटा उपएककांपैकी एकात एएमपी-पीएनपी, दुसऱ्यात एडीपी होता, तिसरे रिकामे. फिरत्या उत्प्रेरणाच्या (तिन्ही जागा आळीपाळीने वेगवेगळ्या अवस्थांत जातात या) कल्पनेला त्यातून भक्कम आधार मिळाला. १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वॉकर वाटेकरी होते.

एटीपी-गॅमा-एसमध्ये गॅमा फॉस्फेटातील एका ऑक्सिजनाची जागा गंधक घेतो. ते सावकाश तुटते, पण तुटते. अनेक कायनेजे त्यातील थायोफॉस्फेट (गंधकयुक्त फॉस्फेट) सबस्ट्रेटावर, म्हणजे ज्या रेणूवर ती क्रिया करतात त्यावर, चढवतात. लांबणाऱ्या प्रयोगात त्यावर विसंबू नये.

एडीपीसोबत बेरिलियम फ्लुओराइड दिल्यास विच्छेदनापूर्वीची, तर ॲल्युमिनियम फ्लुओराइड दिल्यास संक्रमण अवस्थेसारखी (बंध तुटत असतानाच्या क्षणासारखी) रचना मिळते. डिक्टिओस्टेलियम या श्लेष्मकवकाच्या मायोसिनात (एटीपीवर चालणाऱ्या हालचालीच्या प्रथिनात) १९९५ मध्ये दोन्ही पाहिल्या गेल्या.

मॅग्नेशियम बहुतेक वेळा आवश्यकच. मात्र फ्लुओराइड वा फॉस्फेटासोबत त्याचे क्षार खाली बसतात आणि त्यांचेच स्फटिक प्रथिनाचे समजले जातात. प्रथिनाचा स्फटिक मिळाला तरी गॅमा फॉस्फेटाची इलेक्ट्रॉन घनता (क्ष-किरणांवरून काढलेल्या नकाशात अणूंची जागा दाखवणारी) स्पष्ट दिसेपर्यंत संयुग शाबूत आहे असे धरू नये.