पॉजचं बटण आणि मे महिन्यातला कूलर

व्हिडिओ लावला की वर्ग गप्प होतो, आणि मोबाईलवर लावला तर घरातलं पोरगंही गप्प होतं. या गप्पपणाला आपण लक्ष म्हणतो. लक्ष आहे म्हणजे समजलंच असणार, असंही धरून चालतो. करोनाच्या काळात व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर धडे टाकायची सवय लागली, ती विदर्भातल्या खेड्यांत अजून टिकून आहे. तिची गरजही आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी घसरते, शिवाय उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. म्हणूनच या व्हिडिओंतून मूल नेमकं काय शिकतं, हे विचारायला हवं.

हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांबाबत हाच प्रश्न विचारला. त्यांचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना प्रयोग दाखवून समजावून सांगितला, काहींना दाखवलाच नाही. पुढे त्या प्रयोगामागचं कारण विचारलं, तेव्हा नुसतं पाहणारे न पाहणाऱ्यांपेक्षा जेमतेमच पुढे होते. तिसऱ्या गटाला प्रयोगाआधी 'काय होईल ते सांगा' एवढंच विचारलं होतं. त्यांना स्पष्ट फायदा झाला. त्यासाठी वर्गातला वेळ खर्च झाला फक्त दोनेक मिनिटं.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. चंद्रपूरकडे मे महिन्यात कूलर हवा गार करतो, जुलैत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. का? सातवी-आठवीच्या मुलांना हे विचारून पाहा. 'मे महिन्यात पाणी थंड असते', 'पंखा जोरात फिरते' अशी उत्तरं येतात. खरं कारण बाष्पीभवन. वाळ्याच्या ताटीतल्या पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं, एका लिटरमागे सुमारे २४०० किलोज्यूल. जुलैत हवेत आधीच भरपूर बाष्प असतं, त्यामुळे ताटीतलं पाणी वाफ होऊन फारसं उडतच नाही. व्हिडिओत हे पहिल्याच मिनिटात सांगून टाकलं तर मूल मान डोलावतं आणि त्याच्या डोक्यातलं 'पाणी थंड असते' जिथल्या तिथे राहतं. आधी उत्तर द्यायला लावलं, तर व्हिडिओतलं कारण त्या उत्तरावर येऊन आदळतं.

हे असं का होतं, त्याची यंत्रणा मला फार आवडते.

चालू क्षणी मनात धरून ठेवायची जागा अगदी तोकडी असते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये तिची मर्यादा सुमारे चार गोष्टी इतकी मांडली. व्हिडिओ थांबत नाही, त्यामुळे पाचवी गोष्ट आली की पहिली निसटते. निवेदन परक्या भाषेत असेल तर यातली एखादी जागा भाषा उलगडण्यातच जाते. घरी कोरकू बोलणाऱ्या मेळघाटातल्या मुलासाठी पुस्तकी मराठीसुद्धा अशीच जागा खाते.

टिकाऊ आठवणीचं काम वेगळं चालतं. एखादी घटना मेंदूच्या अनेक भागांतल्या चेतापेशींचा एक संच जागा करते आणि हिप्पोकॅम्पस हा भाग त्या संचाची जोडणी राखतो. हिप्पोकॅम्पसमधल्या सीए-३ या पट्ट्यातल्या पेशी एकमेकींशीच दाट जोडलेल्या असतात. त्यामुळे 'ताटी' एवढा एक तुकडा मिळाला तरी त्या उरलेला संच जागा करू शकतात. आठवणं म्हणजे अशी फेरजुळणी, आणि प्रत्येक यशस्वी फेरजुळणीनंतर पुढची सोपी होते. तोच व्हिडिओ पुन्हा पाहताना सगळे तुकडे बाहेरूनच मिळतात, जुळवायचं काही उरत नाही. पायवाट चालूनच रुळते, तसं आहे हे.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे मोजलं. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून मग तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४० टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. २०१३ मध्ये श्पुनार आणि सहकाऱ्यांनी २१ मिनिटांच्या ध्वनिचित्रित व्याख्यानाचे चार भाग केले. मधूनमधून 'मन भरकटलंय का' असं विचारलं, तेव्हा प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिलेल्यांचं मन १९ टक्के वेळा भरकटलेलं होतं, चाचणी न दिलेल्यांचं ४१ टक्के वेळा. म्हणजे थांबून विचारल्याने पुढचं लक्षही सुधारतं.

'व्हिडिओ सहा मिनिटांचाच हवा' हे वाक्य प्रशिक्षणांत ऐकू येतं. त्याचं मूळ एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील २०१४ च्या अभ्यासात आहे. सुमारे ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिल्याच्या नोंदींतून दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याच्या वेळेचा मध्यक (निम्मे त्याहून कमी पाहतात, निम्मे जास्त) सहा मिनिटांपुढे जात नाही. हा माणसं किती वेळ पाहतात याचा आकडा आहे. किती शिकतात, हे त्यातून कळत नाही.

आणि तालुक्याच्या गावी 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चे, म्हणजे मुलाचा मेंदू 'जागा' करून देतो म्हणणारे, वर्ग भरतात, डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचून दाखवतात, ही शुद्ध फसवणूक आहे. मूल नाकाशेजारच्या फटीतून पाहतं. ती फट बुजवली की वाचणं थांबतं. मुलाला खोटं बोलायला शिकवणाऱ्या या धंद्याला कापसाचे पैसे देऊ नका. 'थ्रीडी' धड्यांचे महागडे टॅब विकणाऱ्यालाही एकच विचारा: तुमचा धडा मुलाला थांबवून कुठे विचारतो?

त्यासाठी साधा मोबाईल पुरतो. शिक्षकांनो, कूलरच्या प्रश्नाचा व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा करा आणि सकाळी पाठवा. घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर वावरात गेलेला असतो, म्हणून उत्तरासाठी रात्रीपर्यंतचा वेळ द्या. मुलांनी उत्तर व्हॉइस मेसेजने द्यावं, वऱ्हाडीत किंवा कोरकूत, जसं येईल तसं. त्यांना ते थेट तुमच्या नंबरवर पाठवायला सांगा, नाहीतर गटावरचं पहिलं उत्तर बाकीचे उचलतात. उत्तराचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी टाका. तो कमी रिझोल्यूशनचा चालेल, पण पडद्यावर परिच्छेद लिहून तेच मोठ्याने वाचू नका, नुसती ताटीची आकृती काढत बोला. आठवड्याने तोच प्रश्न मातीच्या माठाबद्दल विचारा आणि या वेळी सोबत कोणताही व्हिडिओ पाठवू नका.