घरचं गोल्फ मैदान व्हिडिओ गेममध्ये कसं आलं: पार्श्वभूमी

गोल्फच्या गेममध्ये जगप्रसिद्ध मैदानं असतात: पेबल बीच असतं, सेंट अँड्रूज असतं. मालकाशी करार होतो, कंपनी मैदानाची मोजणी करून घेते आणि जाहिरातीत नाव झळकवते. या टिपणाचा विषय ती मैदानं नाहीत. विषय आहे नगरपालिकेच्या साध्या मैदानाचा. त्याचे चार होल (पहिल्या टोल्यापासून खळीपर्यंतचे टप्पे) हमरस्त्याला लागून आहेत, बंकरमधली, म्हणजे अडथळ्याच्या खड्ड्यांतली, वाळू वर्षातून एकदाच बदलली जाते आणि त्याचे हक्क मागायला कुठलीही कंपनी कधी येणार नाही. अशी मैदानं आज गेममध्ये शेकड्यांनी खेळायला मिळतात, आणि ती बांधली आहेत त्याच मैदानावर वर्षानुवर्षं खेळणाऱ्या हौशी लोकांनी. हे कसं शक्य झालं याचं उत्तर गेमच्या इतिहासात थोडं आहे, सरकारी मोजणीच्या इतिहासात जास्त आहे.

मैदान स्वतः रचायची सोय तशी जुनी. १९८६च्या ‘मीन १८’ या गेममध्ये ती होती. १९९०मध्ये ‘लिंक्स’ आला तो सॅन डिएगोचं टोरी पाइन्स घेऊन. पुढची मैदानं वेगवेगळ्या डिस्कवर विकत मिळायची. त्या सुरुवातीच्या डिस्कांमध्ये युटामधल्या बाउंटिफुलचं नाव दिसतं. हे शहराच्या मालकीचं मैदान, स्पर्धांमुळे गाजलेलं वगैरे नाही. पण गेम बनवणारा स्टुडिओही सॉल्ट लेक सिटीच्याच परिसरातला होता. घरचं मैदान नामवंतांच्या पंगतीत बसवण्याचा तो पहिला प्रयत्न म्हणायला हरकत नाही. ‘लिंक्स २००१’बरोबर मैदान रचण्याचं सॉफ्टवेअर ग्राहकांच्याच हाती आलं आणि हौशी मंडळींनी खरी मैदानं उभारायला घेतली. साधनं मात्र तुटपुंजी होती. समोच्च रेषांचे नकाशे, क्लबात मिळणारी अंतरांची पुस्तिका, स्वतः काढलेले फोटो, बाकी आठवण. होलची लांबी बिनचूक यायची, पण चढउतार अंदाजाने. ‘लिंक्स’ची संगणकावरची शेवटची आवृत्ती म्हणजे ‘लिंक्स २००३’. त्यानंतरची दहाएक वर्षं या छंदाला फारसा वाव नव्हता. कन्सोलवर कंपनी देईल तीच मैदानं खेळायची.

२०१४मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एका छोट्या स्टुडिओने ‘द गोल्फ क्लब’ आणला. त्यांच्याकडे नामांकित मैदानांचे हक्क घ्यायला पैसे नव्हते, म्हणून गेममध्ये एकही खरं मैदान नव्हतं. त्याऐवजी मैदान रचायचं साधन होतं, आणि रचलेलं मैदान जगभरच्या खेळाडूंना फुकट खुलं करता येत होतं. ही मालिका पुढे मोठ्या प्रकाशकाकडे गेली, नाव बदलून २०२० साली ‘पीजीए टूर २के२१’ झाली, व्यावसायिक स्पर्धांचे परवाने आले. तरी आधीच्या आवृत्तीत बांधलेली मैदानं पुढच्या आवृत्तीत उचलून नेता येत राहिली. हा निर्णय बाहेरच्यांच्या नजरेत भरला नाही. पण ज्याने सहा महिने खपून आपलं मैदान बांधलंय त्याच्यासाठी यापेक्षा मोठी गोष्ट नव्हती.

दरम्यान गेमशी काडीचा संबंध नसलेल्या कचेऱ्यांमध्ये एक गोष्ट घडत होती. विमानातून लेझरचे झोत सोडून जमिनीची उंची मोजायची पद्धत, म्हणजे लायडार, पूरनियंत्रणासाठी वापरात आली होती. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने आपली लायडार मोजणी सप्टेंबर २०१५पासून सगळ्यांना मोफत खुली केली. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याने देशभर मोजणीचा कार्यक्रम हाती घेतला. त्याचा किमान दर्जा ठरवला दर चौरस मीटरला दोन लेझर स्पंदनं आणि उंचीतली चूक साधारण १० सेंटिमीटरच्या आत. नदीला पूर आला तर पाणी कुठवर चढेल हे कळावं म्हणून केलेल्या या मोजणीत वाटेतली गोल्फ मैदानंही आपोआप मोजली गेली, गावातलं साधं मैदानसुद्धा.

मग कुणा हौशी प्रोग्रामरने या मोजणीतून गेमला समजेल अशी जमीन तयार करणारं साधन लिहून मोफत वाटलं. उंची लायडारमधून आणि होल, ग्रीन (खळीभोवतीची बारीक कापलेली हिरवळ), बंकर यांच्या कडा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातून. त्या कडा आधी कुणीतरी उपग्रहचित्रावर हाताने काढलेल्या असाव्या लागतात. नसतील तर आपण बसून काढायच्या. गेममध्ये मिळणारा भूखंड ठरावीक मापाचा चौकोन असतो, त्यात मैदान फिरवून बसवावं लागतं.

खरं काम इथून पुढे. मोजणीतून झाडं, गाड्यांची शेड, क्लबहाउसचं छप्पर गाळून निव्वळ जमीन उरवायची. तळ्याचं पाणी लेझर शोषून घेतं, त्यामुळे तिथे खळगा किंवा वेडावाकडा पृष्ठभाग येतो, तो हाताने सपाट करायचा. बंकरची उभी कड एक मीटरच्या जाळीत (दर मीटरला उंचीचा एकच आकडा) गोलसर होऊन जाते, ती पुन्हा कोरायची. सगळ्यात कस लागतो तो ग्रीनवर. दोन टक्के उतार असेल तर दहा मीटरमध्ये २० सेंटिमीटर फरक पडतो. मोजणीतली चूक त्याच्या निम्म्याने असू शकते. म्हणजे चेंडू डावीकडे वळणार की सरळ जाणार हे यंत्र छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते सांगतो तिथे रोज खेळणारा माणूस: सातव्या ग्रीनवर उतार दिसतो उजवीकडे, पण चेंडू ओढ्याकडेच जातो. हा मजकूर कुठल्याही सरकारी फाइलीत नाही. म्हणून अनोळखी माणसाने त्याच मोजणीवरून केलेलं मैदान आणि घरच्या माणसाने केलेलं मैदान यांत पहिल्याच पटला, म्हणजे ग्रीनवरच्या हलक्या टोल्याला, फरक कळतो.

आता ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वाद होतात त्याकडे. खरं मैदान परवानगीशिवाय गेममध्ये बांधायचं की नाही?

या वादाचं मूळ गेममध्ये नाही, टेक्सासच्या मातीत आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यूस्टनजवळच्या हंबल गावात एक मैदान उघडलं. त्याचे अठराही होल अमेरिकेतल्या गाजलेल्या मैदानांवरून उतरवलेले होते. त्यांपैकी तीन ठिकाणचे मालक कोर्टात गेले: कॅलिफोर्नियाच्या पेबल बीचचा १४वा होल, नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनहर्स्ट क्रमांक २चा ३रा आणि साउथ कॅरोलिनातल्या हार्बर टाउनचा १८वा. शेवटच्या होलमागे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ आहे, आणि टेक्सासमध्ये त्याचीही नक्कल उभी केली होती.

१९९६चा निकाल आणि १९९८मध्ये अपील न्यायालयाने थोड्या दुरुस्तीसह कायम केलेला निकाल असा: प्रसिद्ध मैदानांची नावं ज्या तऱ्हेने जाहिरातीत वापरली ते चूक. दीपस्तंभ हटवा, कारण त्या होलचं रूप पाहताच लोकांना मूळ मालक आठवतो. पण पेबल बीच आणि पाइनहर्स्टच्या त्या होलच्या आकारावर मालकांचा तसा हक्क सिद्ध होत नाही. ती रूपं पाहून कुणी लगेच मालक ओळखतो, असं न्यायालयाला दिसलं नाही. मूळ मैदानाशी आमचा संबंध नाही अशा पाट्या लावून ते होल तिथेच राहिले.

हा निकाल व्यापारचिन्हांच्या कायद्याखालचा आहे, प्रत काढण्याच्या हक्काचा (कॉपीराइटचा) नाही, आणि व्हिडिओ गेमबद्दल त्यात चकार शब्द नाही. तरीही हौशी मंडळींचा सगळा व्यवहार त्याच धर्तीवर बसला आहे: नाव बदला, बोधचिन्ह वापरू नका, ओळखीची इमारत टाळा, जमीन मात्र जशीच्या तशी ठेवा. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा नॅशनल हे जे मैदान दर एप्रिलला टीव्हीवर दिसतं, ते या गेममध्ये कितीतरी टोपणनावांनी सापडतं. मला हा निकाल समंजस वाटतो. नाव आणि दीपस्तंभ ही माणसाची निर्मिती आहे, त्याने ती राखावी. पण वाऱ्या-पावसाने घडवलेली टेकडी आणि तिच्यावरून जाणारी वाट ही कुणा एकाची होऊ नये. नगरपालिकेच्या मैदानाबाबत तर ते करदात्यांचंच आहे.

सगळीकडे असंच मानलं जातं असं नाही. दक्षिण कोरियात पडद्यासमोर गोल्फ खेळायच्या खोल्यांचा मोठा धंदा आहे. तिथल्या आघाडीच्या कंपनीने खरी मैदानं हवाई छायाचित्रं घेऊन वापरली, तेव्हा मैदानमालक कोर्टात गेले. २०२०मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने कौल दिला. मैदानाची एकूण ओळख मालकाच्या पैशातून आणि मेहनतीतून उभी राहते, ती विनापरवाना वापरणं ही अनुचित स्पर्धा, असं न्यायालयाने म्हटलं. मैदानांच्या रचनाकारांचे दावे वेगळे चालले आणि त्यांत खालच्या-वरच्या न्यायालयांची मतं जुळली नाहीत. अमेरिकेतही फेब्रुवारी २०२४मध्ये रचनाकारांना इमारतींच्या वास्तुविशारदांसारखं संरक्षण देणारं विधेयक प्रतिनिधिगृहात मांडलं गेलं. तिथल्या १९९०च्या कायद्याने इमारतींना ते संरक्षण दिलं, गोल्फ मैदानांना नाही. आमच्या रचनेवर सिम्युलेटरवाले (पडद्यासमोर गोल्फ खेळवणारे) पैसे कमावतात, ही रचनाकारांची तक्रार खोटी नाही. त्या संसदेची मुदत संपली तरी विधेयकाचा कायदा झाला नाही. ते विधेयक पुन्हा आलं, तर पैसे घेऊन विकणारी कंपनी आणि फुकट वाटणारा हौशी माणूस यांत फरक करणारं कलम त्यात असायलाच हवं.

न्यूयॉर्कजवळच्या लिडो मैदानाच्या वाट्याला काही वेगळंच आलं. लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर दलदलीत वाळूचा भराव घालून बांधलेलं हे मैदान १९१७मध्ये खुलं झालं. त्याचा शेवटचा होल १९१४ साली एका इंग्रजी नियतकालिकाने घेतलेल्या स्पर्धेतल्या विजेत्या आराखड्यावरून घेतला होता. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने जागा ताब्यात घेतली आणि मैदान गेलं. जमीनच उरली नाही म्हटल्यावर लायडारचा उपयोग शून्य. शिकागो भागातल्या एका हौशी माणसाने जुनी हवाई छायाचित्रं, वर्तमानपत्रांतले फोटो आणि वर्णनं जुळवत ‘द गोल्फ क्लब’ मालिकेच्या साधनात ते पुन्हा उभं केलं. एकेका बंकरची खोली माणसाच्या सावलीवरून ताडली. जाणकारांनी चुका दाखवल्या, त्याने दुरुस्त्या केल्या. मग विस्कॉन्सिनमधल्या एका रिसॉर्टने तीच प्रतिकृती मोजमापांत उतरवली आणि उपग्रहाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या बुलडोझरनी वाळूत ते मैदान खरोखर बांधलं. २०२३पासून तिथे लोक खेळतात. गेमसाठी केलेलं काम जमिनीवर उतरल्याचं एवढं स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

आपल्याकडे मात्र गाडी उंचीपाशी अडते. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहणारा मराठी गोल्फर आपल्या तिथल्या मैदानाची मोजणी घरबसल्या उतरवून घेऊ शकतो. येरवड्याच्या पुणे गोल्फ कोर्सवर वाढलेल्याला ती सोय नाही. इथे सहज आणि मोफत मिळते ती उपग्रहावरून केलेली साधारण ३० मीटर जाळीची उंची. तीस गुणिले तीस म्हणजे ९०० चौरस मीटर. एक अख्खं ग्रीन साधारण ५०० चौरस मीटरचं असतं. म्हणजे ग्रीनचे सगळे चढउतार मिळून एकच आकडा हाती येतो. ड्रोनने मोजावं तर लोहगाव विमानतळ शेजारी, परवानगीशिवाय उडवता येत नाही.

नियम मात्र सैल झाले आहेत. पूर्वी हवाई मोजणीला संरक्षण खात्याची मंजुरी लागायची. फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना बहुतेक मोजणी मोकळी केली. आडव्या दिशेत एक मीटर आणि उंचीत तीन मीटर यापेक्षा बारीक मोजणी भारतीयांनीच करायची आणि देशातच ठेवायची, अशी अट राहिली. गेमचे सर्व्हर परदेशात असतात. त्यामुळे अशा मोजणीवरून केलेलं मैदान तिथे चढवायचं म्हटलं की हीच अट आडवी येऊ शकते. पावसाच्या पाण्याचा निचरा कळावा म्हणून महापालिकांनी आपल्या हद्दीची बारीक मोजणी करून ती नागरिकांना खुली केली, तर वाटेतली मैदानंही तीत येतील, इंग्लंडात आली तशीच. तोवर ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या मैदानाच्या ग्रीनच्या आणि बंकरच्या कडा काढून ठेवणं कुणाच्याही हातात आहे, त्याला परवानगी लागत नाही.